परमुलखातली सून

(चुडावा, जि. परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या चालकांनी मला 'हुकूमशाही आणि स्त्री' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि मोठ्या विषयावर मोठमोठे शब्द वापरून बोलता येते. तसे न करता आज मी आपल्याला एका बाईची हकीकत सांगणार आहे. ही बाई जर्मन होती आणि तिचा नवरा बेळगावकडचा मराठी माणूस होता. हिटलरच्या राज्यात, बर्लिन शहरात, तिने बारा वर्षे काढली. तिची हकीकत गौरवाची नाही, आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे. वीरांच्या कथा ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. जे वीर नव्हते त्यांच्या कथा मात्र घरापर्यंत आपला पिच्छा पुरवतात.

पण बर्लिनला जाण्यापूर्वी क्षणभर इथेच थांबू. हिंगोलीच्या पलीकडे पैनगंगा वाहते. १९४८ पूर्वी या नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल होता. आपल्या या मुलखाला लोक मोगलाई म्हणत. वऱ्हाडातून सून होऊन मोगलाईत आलेल्या कितीतरी बायका आपल्या घरांत होऊन गेल्या. भाषा एकच, जात्यावरच्या ओव्या एकच, पंढरीची वाटही एकच. पण मांडवातून उठून बाई सासरी निघाली की तिचे राज्य बदले. नाणे बदलून हाली होई, कचेरीची भाषा उर्दू होई, आणि ज्या राज्यात सभा भरवायलाही सरकारची मर्जी लागे अशा राज्याची ती रयत होई. तिला कोणी काही विचारलेले नसे. पुढे रझाकारांच्या धामधुमीत कित्येक कुटुंबांनी बायकामुलांना सरहद्दीपलीकडे धाडले, तेव्हा त्याच माहेरचा आसरा झाला. तेव्हा परमुलखातली सून म्हणजे काय, आणि लग्नाच्या एका गाठीने बाईचे राज्य कसे बदलते, हे चुडाव्यासारख्या गावाला मी सांगायला नको.

आता बर्लिनकडे वळू.

बेळगावजवळ बेळगुंदी नावाचे गाव आहे. तिथला आयी गणपत तेंडुलकर हा तरुण शिक्षणासाठी युरोपात गेला. नावातल्या साम्यामुळे घोटाळा होतो, म्हणून आधीच सांगतो की गांधीजींचे आठ खंडांतले चरित्र लिहिणारे दी. गो. तेंडुलकर ते हे नव्हेत. आयी तेंडुलकर जर्मनीत शिकले, पत्रकारीत रमले, तिथल्या भाषेत लिहू-बोलू लागले. देखणा, बोलका, बुद्धिमान आणि संसाराच्या बाबतीत अस्थिर, असा हा गृहस्थ होता. थेआबाईंच्या आधी त्यांचे युरोपात विवाह झाले होते आणि मोडलेही होते.

थेआ फॉन हारबू या बाई त्यांच्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठ्या. १८८८ साली बव्हेरियातल्या एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. प्रथम त्या रंगभूमीवर नटी होत्या, मग कादंबरीकार झाल्या आणि त्यानंतर जर्मन चित्रपटातल्या पहिल्या प्रतीच्या पटकथालेखिका. १९१८ साली त्यांनी एक कादंबरी लिहिली, तिचे नाव 'हिंदी थडगे' असे होते. हिंदुस्थान न पाहताच लिहिलेली ही कादंबरी राजे, योगी आणि संगमरवरी महाल यांनी भरलेली होती. त्यांच्या मनातल्या हिंदुस्थानात शेतकरी नव्हता, विणकर नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९२२ साली त्यांनी दिग्दर्शक फ्रित्झ लांग यांच्याशी विवाह केला आणि दोघांनी मिळून जे चित्रपट काढले त्यांची नावे आजही जगातल्या चित्रपटांच्या इतिहासात घेतली जातात. त्यांतला १९२७ चा 'मेट्रोपोलिस' आपण समाजवाद्यांनी मुद्दाम पाहावा. एका प्रचंड शहरात मालक वर उंच मनोऱ्यांत राहतात आणि मजूर जमिनीच्या पोटात यंत्रांपाशी मरतात, असे त्याचे चित्र आहे. इतके विदारक चित्र रंगवल्यावर बाईंनी शेवट काय केला? मालक आणि मजूर यांच्यात माया उत्पन्न झाली, एका भल्या मध्यस्थाने दोघांचे हात एकमेकांच्या हातांत दिले, आणि प्रश्न मिटला. यंत्र कोणाचे, नफा कोणाचा, हा सवाल कोणी विचारलाच नाही. वर्गकलहाचा तोडगा म्हणून हृदयपरिवर्तन करणारा एक तारणहार आणायचा, ही कल्पना वरवर निरुपद्रवी वाटते. पण बेकारीने गांजलेल्या देशात असाच तारणहार सहा वर्षांनी खरोखर आला. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला.

बाई मुळातच प्रतिगामी होत्या असे मात्र समजू नका. जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम २१८ प्रमाणे गर्भपात हा गुन्हा होता. गरीब स्त्रिया त्यापायी तुरुंगात जात किंवा वैदूच्या हातून मरत. १९३१ साली या कलमाविरुद्ध जर्मनीत मोठी चळवळ झाली आणि थेआबाई त्या चळवळीत उघडपणे उभ्या राहिल्या. स्त्रीचे शरीर ही सरकारची मालमत्ता नव्हे, हे त्या काळात जाहीरपणे म्हणायला धैर्य लागत होते. ते धैर्य त्यांच्यापाशी होते. मग दोन वर्षांत ते कुठे गेले?

१९३३ च्या एप्रिलमध्ये लांग आणि थेआबाई यांचा घटस्फोट झाला. लांग यांची आई जन्माने ज्यू होती. त्याच वर्षी ते देश सोडून पॅरिसला आणि तेथून पुढे अमेरिकेला गेले. थेआबाई बर्लिनमध्येच राहिल्या. त्यांच्या जीवनात तोवर आयी तेंडुलकर आले होते. दोघांनी विवाह केला, पण गुपचूप. वंशशुद्धीचा डंका पिटणाऱ्या राज्यात एका नामांकित जर्मन लेखिकेने सावळ्या हिंदी माणसाशी उघडपणे संसार थाटणे चालणार नव्हते.

इथे कायद्याची एक बारीक गोष्ट सांगतो. जर्मनीचा १९१३ चा नागरिकत्वाचा कायदा असा होता की जर्मन स्त्रीने परकीयाशी लग्न केले की तिचे जर्मन नागरिकत्व संपे. इंग्रजांचा १९१४ चा कायदा असा होता की इंग्रज बादशहाच्या प्रजाजनाशी परकीय स्त्रीने लग्न केले की ती त्या बादशहाची प्रजा ठरे. तेंडुलकर बेळगाव जिल्ह्यातले, म्हणजे इंग्रजांची रयत. आता हे दोन कायदे एकत्र वाचा. बर्लिनमध्ये जन्म घालवलेली जर्मन बाई, जर्मन भाषेची लेखिका, कचेरीत लग्न नोंदवताच कागदोपत्री परकीय ठरली असती. आणि १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पुकारले गेले तेव्हा आपल्याच शहरात, आपल्याच घरात ती शत्रुराष्ट्राची प्रजा झाली असती. तिने केले काय? लग्न. बाईचे राष्ट्र तिच्या कुंकवावर ठरवणारा हा कायदा हिटलरने केलेला नव्हता. तो बादशाही जर्मनीत झाला, लोकशाही जर्मनीत चालू राहिला आणि लोकशाहीचा टेंभा मिरवणाऱ्या इंग्लंडातही त्याची जुळी बहीण नांदत होती. हुकूमशहा पुष्कळदा नवी हत्यारे घडवत नाही. सभ्य माणसांनी कपाटात ठेवलेली जुनी हत्यारे तो फक्त बाहेर काढतो.

१५ सप्टेंबर १९३५ ला न्यूरेंबर्गचे कायदे झाले आणि ज्यू व जर्मन यांच्यातला विवाह हा गुन्हा ठरला. हिंदी माणसाचे नाव त्या कायद्यात नव्हते. पण कायद्यात नाव नसणे आणि सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कायद्यात नाव नसलेला माणूस अधिकाऱ्याच्या मर्जीवर जगतो. आज मर्जी आहे, उद्या नसेल. आपल्याकडे काही मंडळींना 'आर्य' या शब्दाचे मोठे अप्रूप आहे. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या आर्यांच्या राजधानीत बेळगुंदीच्या एका सारस्वताला आपली बायको लपवावी लागली.

आता या हकीकतीतला खरा अवघड भाग. थेआबाई केवळ गप्प राहिल्या असत्या तर आपण हळहळलो असतो आणि पुढे गेलो असतो. पण त्या गप्प राहिल्या नाहीत, त्या नाझी राजवटीच्या चित्रपटधंद्यात पहिल्या रांगेत काम करीत राहिल्या. त्या बारा वर्षांत त्यांनी डझनाहून अधिक पटकथा लिहिल्या. नेत्यापुढे सर्वांनी मान तुकवावी असे शिकवणारा १९३७ चा 'डेर हेर्शर', म्हणजे 'सत्ताधीश', हा चित्रपट त्यांच्याच लेखणीतला. त्या नाझी पक्षाच्या सभासदही झाल्या. ज्या कलम २१८ विरुद्ध त्या एकदा उभ्या राहिल्या होत्या, त्या कलमाचा फास याच राजवटीने आवळला. १९४३ मध्ये काही प्रसंगी गर्भपात घडवून आणणाऱ्याला देहान्ताची शिक्षा देण्यापर्यंत मजल गेली. १९३१ च्या थेआबाईंनी १९४३ च्या थेआबाईंना काय विचारले असते?

युद्ध संपल्यावर बाईंनी आपली बाजू मांडली. पक्षात मी शिरले ती माझ्या पतीसारख्या हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून, असे त्यांनी सांगितले. युद्धात आपण सरकारसाठी जोडकाम केले, बहिऱ्यांची यंत्रे तयार केली, जखमींची शुश्रूषा केली, एवढाच आपला सहभाग, असेही त्या म्हणाल्या. विमानहल्ल्यात लोकांचे प्राण वाचवल्याबद्दल त्यांना पदकही मिळाले होते. बर्लिनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना त्यांच्या घरी आधार मिळे, हेही खरे आहे. तेव्हा ही कैफियत सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मी असे म्हणतो की ती खरी असली तरी अधिक भयंकर आहे.

कारण पाहा. हुकूमशाही केवळ दंडुक्यावर चालते हा आपला एक भाबडा समज आहे. दंडुका थोड्यांसाठी असतो. बाकीच्यांसाठी असते ती सवलत. तुझा नवरा परदेशी आहे? आम्ही डोळेझाक करू. तुझ्या घरी काळेसावळे विद्यार्थी येतात? येऊ देत. फक्त शेजारच्या घरातले ज्यू कुटुंब पहाटे उचलून नेले तर तू खिडकी उघडू नकोस. सवलत घेणाऱ्याला वाटते की आपण राजवटीला फसवले, आपल्या माणसापुरते तरी तिच्या तावडीतून सोडवून आणले. वास्तविक राजवटीनेच त्याला विकत घेतलेले असते, आणि किंमतही फार थोडी दिलेली असते. थेआबाईंच्या चांगुलपणाला एक कुंपण होते. कुंपणाच्या आत जेवढे हिंदी होते तेवढ्यांना त्या माय झाल्या. कुंपणाबाहेर लाखो माणसे मारली जात असताना त्या पुढच्या चित्रपटाची पटकथा लिहीत राहिल्या.

आणि आता त्यांची १९१८ ची कादंबरी आठवा. त्यांचे हिंदुस्थानवरचे प्रेम खोटे नव्हते. पण ते एका कल्पनेवरचे आणि काही निवडक व्यक्तींवरचे प्रेम होते. माणसावर माणूस म्हणून प्रेम करणे ही वेगळी साधना आहे. आपला तो माणूस, दुसऱ्याचा तो प्रश्न, असा भेद करणारे प्रेम हुकूमशहाला कधीच अडचणीचे होत नाही.

युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा तेंडुलकर हिंदुस्थानात परतले, आणि थेआबाई बर्लिनमध्ये राहिल्या. बेळगावात तेंडुलकरांनी 'वार्ता' नावाचे वृत्तपत्र काढले. तिथे त्यांची ओळख इंदुमती गुणाजी यांच्याशी झाली आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले. युद्ध सुरू झाल्यावर तेंडुलकरांचे जर्मनीशी असलेले संबंध इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपले आणि युद्धाची बरीच वर्षे त्यांना तुरुंगात काढावी लागली. चळवळीत इंदुमतीबाईंनीही तुरुंगवास सोसला. गांधीजींनी या दोघांना वाट पाहायला लावली आणि अटीही घातल्या. देश स्वतंत्र होईपर्यंत मूल होऊ द्यायचे नाही, ही त्यांतली एक. अखेर १९४५ च्या ऑगस्टमध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या समक्ष त्यांचा विवाह लागला. या तिघांच्या जीवनाची कथा तेंडुलकर व इंदुमतीबाई यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर-धौल यांनी २०१३ साली एका इंग्रजी पुस्तकात प्रसिद्ध केली आहे. एका मुलीने आपल्या वडिलांच्या पूर्वीच्या पत्नीविषयी कडवटपणाशिवाय लिहावे, ही मला मोठ्या मनाची गोष्ट वाटते.

त्याच उन्हाळ्यात बर्लिनच्या बाई कुठे होत्या? इंग्रजांनी त्यांना नाझी म्हणून श्टाउम्यूले येथील छावणीत स्थानबद्ध केले होते. दैवाची काय थट्टा आहे पाहा! पती हिंदुस्थानात इंग्रजांच्या तुरुंगात गेला तो जर्मनीचा हस्तक असल्याच्या संशयावरून, आणि पत्नी जर्मनीत इंग्रजांच्याच छावणीत गेली ती हिटलरची अनुयायी म्हणून. पतीवरचा आरोप साम्राज्याच्या भीतीतून आला होता. पत्नीवरच्या आरोपाला तिची स्वतःची लेखणी साक्षीदार होती. दोन्ही कोठड्यांची कुलपे एकाच सरकारची, पण दोन्ही कैदेत जमीनअस्मानाचे अंतर होते. तुरुंगात गेलेला प्रत्येक माणूस हुतात्मा नसतो, हे आपण राजकीय कार्यकर्त्यांनी ओळखायला शिकले पाहिजे.

सुटका झाल्यावर या सरदारघराण्यातल्या लेखिकेने बर्लिनच्या रस्त्यांवर पडक्या इमारतींचे ढिगारे उपसण्याचे काम केले. जर्मनीतल्या हजारो बायका तेव्हा हेच करीत होत्या. पुरुष मेले होते किंवा युद्धकैदी होते. पुरुषांनी पेटवलेल्या युद्धाची राख शेवटी बायकांनी पाटीत भरून वाहिली. १ जुलै १९५४ रोजी बर्लिनमध्ये थेआबाईंचा अंत झाला.

मित्रहो, या एका बाईवरून सर्वांची परीक्षा करणे न्यायाचे होणार नाही, म्हणून आणखी दोघींचा उल्लेख करतो. व्हिएन्नाच्या एमिली शेंकल यांची आणि सुभाषबाबूंची ओळख १९३४ साली झाली. १९३७ च्या डिसेंबरात दोघांचा विवाह झाला, तोही गुप्त. १९४२ च्या नोव्हेंबरात कन्या अनिता जन्मली आणि १९४३ च्या फेब्रुवारीत सुभाषबाबू पाणबुडीतून आशियाकडे निघाले, ते परत आले नाहीत. एमिलीबाईंनी युद्धात आणि युद्धानंतरच्या टंचाईत नोकरी करून मुलीला वाढवले. नवऱ्याच्या नावाचा त्यांनी कधी बाजार मांडला नाही. १९९६ साली त्या वारल्या. त्याच राजवटीत, तशाच गुप्त विवाहात, एक बाई सत्तेच्या सावलीपासून दूर राहून सामान्य कष्टाचे जीवन जगू शकली, याची ही साक्ष आहे.

दुसऱ्या लिडिया कारुनोव्स्काया. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आयुष्यभर क्रांतिकार्यात भटकले आणि शेवटी सोविएत रशियात स्थिरावले. लेनिनग्राडमधल्या या विदुषीशी त्यांनी संसार केला. १९३७ च्या जुलैत स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना पकडले आणि २ सप्टेंबर १९३७ रोजी गोळ्या घातल्या. लिडियाबाईंच्या वाट्याला विधवेचे जिणे आले, आणि तेही लाल बावट्याखाली. हे मी मुद्दाम सांगतो. हुकूमशाहीचा रंग पाहून आपण तिच्यावर टीका करायची की नाही ते ठरवू लागलो, तर आपल्यात आणि सवलत घेणाऱ्यांत फरक राहणार नाही.

आपल्या महाराष्ट्रात आजही चहाच्या टपरीवर 'या देशाला एक हिटलरच पाहिजे' असे म्हणणारे भेटतात. त्याचे आत्मचरित्र रेल्वेच्या स्टेशनावर मराठीतून विकत मिळते. पण विकत घेणारे ते शेवटपर्यंत वाचत नसावेत. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यवाद्यांची त्यात टवाळी आहे, आणि हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच अमलाखाली राहिलेला बरा, असे मत त्याने त्यात स्वच्छ मांडले आहे. ज्याने आपल्याला गुलामच राहू द्या म्हटले, त्याची तसबीर आपण डोक्यावर घ्यावी, याला भाबडेपणा म्हणायचे की करंटेपणा?

आणि शिस्तीच्या नावाखाली काय घडते ते या मातीला ठाऊक नाही काय? १९३८ साली निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकले गेले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. निजामाचाही दंडुका थोड्यांसाठी होता. देशमुख-जहागीरदारांसाठी होती ती सवलतच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण ते राज्य सोसले. पुढे स्वतंत्र भारतात १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली, तेव्हाही गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूष झालेले सुशिक्षित आपण पाहिले. बंगलोरच्या तुरुंगात दम्याने बेजार झालेल्या स्नेहलता रेड्डी त्या वेळी आतून क्षीण होत होत्या. सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, १९७७ च्या जानेवारीत, त्या गेल्या. त्याही कलावंतच होत्या आणि चित्रपटाशी त्यांचाही संबंध होता. थेआबाईंना जी सवलत मिळाली ती त्यांनाही मिळू शकली असती. त्यांनी ती मागितली नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या दारातला आहे. बाईचे राष्ट्र नवऱ्यावर ठरते, हा विचार युरोपात मेला म्हणून आपण निर्धास्त राहू नये. आपल्या १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेने मिळणारे नागरिकत्व केवळ बापाकडूनच मिळत असे. आईकडूनही ते मिळावे अशी दुरुस्ती व्हायला १९९२ साल उजाडले. सदतीस वर्षे या देशात आईचे रक्त कायद्याच्या दृष्टीने परकेच होते.

आणि गुपचूप लग्ने? ती काय फक्त बर्लिनमध्ये लागली? आपल्या जिल्ह्यात एखाद्या मुलीने दुसऱ्या जातीच्या किंवा धर्माच्या मुलाशी लग्न करायचे ठरवले तर तिला आजही पळूनच जावे लागते. १९५४ चा विशेष विवाह कायदा तिच्या बाजूचा आहे. पण त्याच कायद्याप्रमाणे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावली जाते, आणि त्या तीस दिवसांत गाव जागे होते. वर्णसंकराच्या भीतीने बायकांवर पहारा बसवणाऱ्यांना न्यूरेंबर्गचे नाव माहीत नसेल, पण धडा तोच आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी संरक्षणाची आणि सुरक्षित निवाऱ्याची व्यवस्था करण्याचे आदेश दिले. आदेश कागदावर असतो. निवाऱ्याचे दार कोणीतरी माणसाने उघडावे लागते.

ते दार उघडण्याचा प्रसंग आपल्यावर येईल तेव्हा आपल्यालाही सवलत देऊ केली जाईल. ती बर्लिनसारखी मोठी नसेल. पाहुणेरावळे सांगतील, निवडणूक तोंडावर आली आहे, यात पडू नका. सोयरे सांगतील, तुमच्या मुलीचे चांगले जमले आहे ना, मग दुसऱ्याच्या मुलीचे तुम्हाला काय? साखर कारखान्यातली नोकरी, सोसायटीचे कर्ज, ग्रामपंचायतीतली जागा, असे काही ना काही आपल्यापुढे ठेवले जाईल आणि बदल्यात फक्त एवढेच मागितले जाईल की खिडकी उघडू नका. थेआबाई दुष्ट नव्हत्या. त्या हुशार होत्या, प्रेमळ होत्या, एकेकाळी धीटही होत्या. त्यांना काय झाले हे समजून घ्यायचे असेल तर त्या क्षणी आपल्या स्वतःच्या मनात काय चालले आहे ते पाहावे.

विशेष विवाहाच्या नोंदणीला तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पुष्कळदा मुलगा असतो, मुलगी असते, धैर्यही असते. पण पूर्णेत, परभणीत, नांदेडात सही करायला तीन माणसे मिळत नाहीत. या अभ्यासवर्गात आज आपण इतके जण बसलो आहोत. जिल्ह्यातल्या अशा कुठल्याही मुलीला यापुढे साक्षीदारावाचून कचेरीच्या पायरीवरून परत फिरावे लागणार नाही, एवढा निश्चय करून आपण उठलो तर आजचा दिवस कारणी लागला असे मी समजेन. माझे नाव आणि पत्ता मी वर्गचालकांच्या वहीत आधीच लिहून ठेवला आहे. वही बाहेर दारापाशी आहे.